फाळक्यातल्या आठवणी

महोदय,

राष्ट्रीय सागरी दिनी, ५ एप्रिलला, १९१९ साली मुंबईहून लंडनला निघालेल्या ‘एसएस लॉयल्टी’ या भारतीय कंपनीच्या जहाजाचा उल्लेख आवर्जून होतो, सुटा माल वाहणाऱ्या बल्क जहाजांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्यासारख्या खलाशांविषयी मात्र क्वचितच छापून येते. गोव्यातल्या मुरगाव बंदरात जपानसाठी लोहखनिज भरताना उडणारी तांबडी धूळ अंथरुणात आणि चहाच्या कपातही उतरत असे. खनिज इतके जड, की फाळका, म्हणजे जहाजातली माल भरायची कोठी, अर्धाही भरलेला दिसत नसताना जहाज भाररेषेपर्यंत, म्हणजे सुरक्षित भाराच्या खुणेपर्यंत, बुडालेले असे, आणि सारे वजन तळाशी असल्यामुळे ते समुद्रात अशा झटक्याने डोले, की ताटातली आमटी सांभाळणे हीच कसरत ठरे. पुढचा माल गहू असला, तर फाळका खरवडून, धुऊन, बिल्जच्या, म्हणजे तळाशी पाणी साचणाऱ्या खळग्यांच्या, झाकणांना गोणपाट बांधून झाल्यावर फाळका तपासणारा सर्व्हेअर येई आणि गंजाची एखादी खपली दिसली, तरी काम पुन्हा करायला लावी. आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, त्याच्याआधी स्वतः भिंतीवरून तळहात फिरवून पाहत. कोकणातल्या गावागावांत अशी माणसे आजही आहेत. आपल्या रविवार पुरवणीने त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत छापाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी