सबमिशनमध्ये कोडची शिस्तही तपासा

मा. संपादक,

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांना कोड पाठवू लागले आहेत, हे चांगलेच. पण दुरुस्ती अचूक असूनही ती अनेकदा परत येते. दोष तर्काचा नसतो, मांडणीचा असतो.

नेहमीचा प्रकार असा. चारशे ओळींच्या फाइलीत एक अट बदलायची असते. सेव्ह करताना एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालतो किंवा ओळ संपल्याची न दिसणारी एलएफ खूण विंडोजवर सीआरएलएफ ही दुसरी खूण होऊन बसते. झाले! डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, फाइलच्या फाइल बदललेली दिसते. तपासणाऱ्याने त्यात ती एक अट शोधायची कुठे? शिवाय पुढे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते) पाहावे तर जुन्या लोकांच्या ओळींवरही या नवख्याचेच नाव. म्हणून पाठवण्याआधी किती ओळी बदलल्या ते दाखवणारे ‘गिट डिफ --स्टॅट’ चालवावे. एका ओळीच्या दुरुस्तीपुढे शेकड्यातला आकडा दिसला तर तिथेच थांबावे. जुना कोड नीटनेटका करायचाच असेल तर तो वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत.

पायथन भाषेच्या पेप ८ या लेखननियमांत ओळ आत सरकवायला चार स्पेस आणि जास्तीत जास्त ७९ अक्षरांची ओळ, तर लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) आठ अक्षरांचा टॅब. यातले चांगले कोणते, हा वाद कॅन्टीनमध्ये घालावा. ज्या प्रकल्पात जाल तिथली रीत पाळायची.

कमिटच्या संदेशात ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल २’ लिहून भागत नाही. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक कोरी ओळ, मग ७२ अक्षरांवर मोडलेला मजकूर. त्यात कारण लिहावे. काय बदलले ते डिफ सांगतोच.

ही नुसती रंगरंगोटी वाटत असेल, तर २०१४ मध्ये उघड झालेली अॅपलची चूक पाहावी. ‘गोटू फेल’ (पुढचे सोडून थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या ‘इफ’ या अटीला महिरपी कंस नव्हते आणि दुसरी ओळही आत सरकवलेली असल्याने ती अटीखालचीच वाटे. प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची आणि सुरक्षित जोडणीतली सर्व्हरची डिजिटल सही तपासलीच जायची नाही.

आपल्याकडे जर्नलचा समास आणि मुखपृष्ठ बारकाईने पाहतात, कोडची मात्र प्रिंट चिकटवली की सही मिळते. विभागांनी दुसऱ्या वर्षापासूनच सबमिशन गिटवर घ्यावे, ओळीअखेरची खूण ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइलीत ठरवून द्यावी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांतले थोडे गुण कमिटच्या इतिहासाला ठेवावेत.

— काही संगणक अभियंते, गंगापूर रोड, नाशिक