नव्या मुलांचा सिनेमा ठाण्यात बघायचा तरी कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी सिनेमाला प्रेक्षक का नाही यावर तुमच्या पेपरात मोठा लेख आला होता. त्यात बजेट, स्टार, ओटीटी सगळं होतं, पण नव्या पोरांच्या मागे उभं राहून जी माणसं सिनेमा काढतात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून लिहितेय.

मी कोपरीत घरगुती मेस चालवते, आम्ही चौघीजणी आहोत. मागे एका छोट्या सिनेमा कंपनीचं जेवणाचं काम आलं, २२ दिवस, ३४ माणसं, सकाळी सहाचा कॉल टाइम म्हणजे साडेपाचला पोहे आणि चहा लोकेशनवर पोचलाच पाहिजे. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. खरं सांगते, मी नाहीच म्हणणार होते, कारण त्याआधी एका मोठ्या युनिटला जेवण दिलं होतं आणि ते पैसे काढायला पाच महिने फोन करावे लागले, शेवटी किराणावाल्याची उधारी मी माझ्या भिशीतून फेडली. यांचं ऑफिस म्हणजे नौपाड्यातला वन बीएचके, पण दर शनिवारी पॅकअपच्या आधी हिशोब चुकता, माझाही आणि लाइटवाल्या दादांचाही.

दिग्दर्शक मुलगी २७ वर्षांची, पहिलाच सिनेमा. शूटिंग चेंदणी कोळीवाड्यात, रुळाजवळच्या घरात, आणि तेही सिंक साऊंड. म्हणजे नंतर डबिंग नाही, तिथे जे बोललं तेच सिनेमात, त्यामुळे पंखा बंद, फ्रिज बंद, आम्ही जेवणाचे डबे ठेवतानाही खाली गोणपाट टाकायचो. पण लोकल कोण बंद करणार? एक सीन होता, आई आणि मुलगा मासे साफ करता करता बोलतात, साडेतीन मिनिटं, मध्ये कट नाही, आणि ठाण्यात रुळाशेजारी साडेतीन मिनिटं शांतता मिळते का सांगा. चौदा टेक झाले, बोंबील दोनदा नवीन आणावे लागले, मुलगी अगदी रडकुंडीला आली, म्हणाली राहू दे, कट मारून घेऊया. तेव्हा ही कंपनी चालवणारे दादा तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "तुला कट हवाय का? नकोय ना? मग नाही घ्यायचा." रविवारी स्लो ट्रॅकला मेगाब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीसाठी त्या रुळावर लोकल बंद, त्यासाठी शूटिंगचा एक दिवस वाढवला. एक दिवस म्हणजे कॅमेऱ्याचं भाडं, जेवण, सगळ्यांची रोजी, आणि यांच्याकडे पैसे मोजूनमापून होते हे मला रोजच्या हिशोबावरून कळत होतं. रविवारी दुपारी दुसऱ्याच टेकला सीन झाला. मी वरणाचं पातेलं हातात धरून जिन्यात उभी होते, ठेवलं तर आवाज होईल म्हणून. ती "कट" म्हणाली तरी कोणी हललं नाही.

नव्या दिग्दर्शकाला सपोर्ट म्हणतात तो हा. नुसतं चेकवर सही करणं नाही. "कोर्ट" सिनेमाबद्दल मला त्याच दादांनी सांगितलं, त्याचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना स्क्रिप्ट लिहायच्या काळात निर्माते विवेक गोम्बर दर महिन्याला पैसे देत होते, नोकरी न करता नीट लिहिता यावं म्हणून. तो सिनेमा २०१४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला दोन बक्षिसं घेऊन आला, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, मग भारताकडून ऑस्करला, आणि ताम्हाणेंचा पुढचा सिनेमाही त्याच निर्मात्याने केला. रोहन कानवडेंच्या "सबर बोंडं"ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, तोही पहिलाच मोठा सिनेमा. या बातम्या तुम्ही छापल्यात, पण बक्षीस मिळाल्यावर. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं कोणी पोसली हे कुठे येतच नाही. सरकारचं अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर कमिटी बघते, दर्जा ठरवते, मग पुढचं. ३४ माणसांच्या पोह्यांना ते थोडंच उपयोगी पडतं?

आता मूळ तक्रार. सिनेमा झाला, सेन्सॉर झाला, लागला. अख्ख्या ठाण्यात एक शो, दुपारी १२.२०. मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा म्हणून २०१५ मध्ये नियम झाला होता, त्यात प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९, त्यामुळे १२.२० चा शो पण त्यात बसतो! मंगळवारी साडेबाराला कोण मोकळं असतं हो? आम्ही चौघींनी त्या दिवशी डबे दहालाच रवाना केले, नवी साडी नेसून गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बुकिंग कमी आहे, शो कॅन्सल, पैसे परत घ्या. आमच्यासोबत एक आजोबा आणि कॉलेजच्या दोन मुली होत्या, म्हणजे सात जण. शुक्रवारी सिनेमाच थिएटरमधून निघाला. मी त्यातला तो मासे साफ करायचा सीन अजून पडद्यावर बघितलेला नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. एक तुम्हाला, पेपरात गुरुवारी किंवा शुक्रवारी छोट्या मराठी सिनेमांची एक चौकट द्या, ठाणे, कल्याण, वाशीला कुठे कितीचा शो आहे एवढंच, परीक्षण नसलं तरी चालेल, लोकांना सिनेमा लागलाय हेच माहीत नसतं. दुसरी ठाणे महापालिकेला, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात छोटं सभागृह आहे, ते महिन्यातून एक रविवार संध्याकाळी नवीन दिग्दर्शकांच्या सिनेमाला कमी भाड्यात द्या. चांगला प्रोजेक्टर आणि साऊंड लागेल, खर्च आहे मान्य, पण शंभर रुपये तिकीट ठेवलं तरी लोक येतील, कोपरीतून पंचवीस बायका आणायची जबाबदारी माझी.

त्या मुलीचं दुसरं स्क्रिप्ट चालू आहे. कंपनीने तिला लिहायला दर महिन्याला पैसे लावलेत आणि गेल्या आठवड्यात दादांचा मला फोन आला होता, डिसेंबरमध्ये १८ दिवस जमेल का म्हणून. मी हो म्हटलंय, ॲडव्हान्स नको म्हटलं.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)