पाण्याचा नव्हे, माशाचा नमुना तपासा

मा. संपादक महोदय,

नदी-खाडीच्या प्रदूषणाची बातमी आली की ‘पाण्याचे नमुने मर्यादेत आढळले’ हे वाक्य तिच्यात हटकून असते. डीडीटी (कीटकनाशक) किंवा पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांत वापरली जाणारी रसायने) यांसारख्या क्लोरिनयुक्त टिकाऊ रसायनांबाबत मात्र त्यातून फारसे काही कळत नाही, कारण ती पाण्यात अगदी नाममात्र विरघळतात. ती गाळाला चिकटतात आणि तिथून जीवांच्या चरबीत जातात.

मासा ती कल्ल्यांवाटे घेतो, पण त्यांतील अधिक चिवट रसायने मुख्यतः खाद्यातूनच येतात. परकी रसायने मोडणारी विकरे त्याच्या यकृतात असतात खरी. परंतु पीसीबीचा रेणू मोडायला शेजारशेजारचे दोन कार्बन अणू क्लोरिनविना मोकळे असावे लागतात, आणि तसे असले तरी या कामात मासे सस्तन प्राण्यांपेक्षा बरेच दुबळे ठरतात. पीसीबीच्या २०९ प्रकारांपैकी कित्येक म्हणूनच शरीरात जसेच्या तसे साठतात. डीडीटीचे रूपांतर होते, पण ते डीडीईत, म्हणजे मूळ रसायनाइतक्याच चिवट पदार्थात. मादीच्या शरीरातून काही भाग अंड्यांबरोबर बाहेर पडतो. तो अर्थातच पिल्लांच्या वाट्याला येतो.

अमेरिकेतील हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी सोडले. १९७६ मध्ये वरच्या पट्ट्यात मासेमारीवर बंदी आली, आणि गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ पर्यंत चालले. म्हणजे सोडणे थांबले तरी प्रश्न गाळात आणि माशांत उरलाच. तेथील टॉमकॉड माशांत तर आणखी विलक्षण बदल झाला. पीसीबी पेशीतील ज्या ग्राहीला (रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडले गेल्यावर विषबाधा सुरू होते, त्या ग्राहीतील दोन अमिनो आम्ले बहुतेक माशांत गळालेली असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. मासा त्यामुळे तगतो, पण अंगातले विष घेऊनच. त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाला ते आयते मिळते. ‘मासे जिवंत आहेत, म्हणजे नदी ठीक आहे’ हा आपला आवडता निष्कर्ष इथे साफ फसतो.

पाताळगंगेकाठी रसायनी येथे सरकारी कंपनीने डीडीटी बनवले. शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, पण हिवतापासाठीची फवारणी पुढेही चालू राहिली. अशा ठिकाणी पाण्याच्या बाटलीऐवजी मोठ्या, वयस्क, चरबीदार माशाचा नमुना घ्यायला हवा. अमेरिकेत पीसीबीची मर्यादा माशाच्या खाद्य भागासाठीच, दशलक्षात २ भाग, अशी ठरलेली आहे. आपल्याकडील तपासणीचे आकडेही जात, वय आणि चरबीचे प्रमाण यांसह जाहीर व्हावेत. (कातडी आणि चरबी काढून टाका, हा तिकडचा सल्ला आपल्या कालवणाला मानवणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

– एक वाचक, रायगड