कायदा सुचवण्याचा हक्क आणि आडवी बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘लोकांनीच कायदे करायचे तर आमदार कशाला निवडून द्यायचे?’ नागरिकांनी सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा मांडावा आणि त्यावर जनतेने मतदान करावे, असे कुणी म्हटले की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ, जिथे हा हक्क आधीच आहे त्या अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे दाखले येतात, ‘आपले लोक फुकटचेच मागतील’ हेही येते. आमचे मत वेगळे आहे. हा हक्क महाराष्ट्राला, निदान सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या पातळीवर, मिळायला हवा. त्याच्याविरुद्ध दिले जाणारे बहुतेक दाखले नियमावली कशी फसली याचे आहेत. आणि ज्यांना हा हक्क नको असतो तेही तो उघडपणे काढून घेत नाहीत, नियमावलीलाच हात घालतात. म्हणून हे पत्र बारीकसारीक नियमांविषयी आहे. थोडे रूक्ष वाटले तर वाचकांनी सोसावे.

घरचे उदाहरण आधी घेऊ. दारूच्या दुकानापुरता हा हक्क महाराष्ट्रात आहेच. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा शहरी प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी, सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे. दुकान राहावे असे वाटत असेल तर उभी बाटली, बंद व्हावे तर आडवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आपण कशावर शिक्का मारतो आहोत हे कळते. इतकी स्वच्छ मतपत्रिका कॅलिफोर्नियालाही जमली नव्हती. तिथे विधिमंडळाने केलेला कायदा सह्यांच्या जोरावर मतदानाला खेचला, तर ‘होय’ म्हणजे कायदा राहू द्या आणि ‘नाही’ म्हणजे रद्द करा. म्हणजे तो रद्द व्हावा म्हणून ज्यांनी मतदान मागितले, त्यांनीच ‘नाही’वर मत द्यायचे! लोकांचा गोंधळ व्हायचा तो झालाच. अखेर 2023 मध्ये ‘कायदा ठेवा’ आणि ‘कायदा रद्द करा’ असे सरळ शब्द छापायचे ठरले.

आडव्या बाटलीची गोम आहे ती हिशेबात. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. यादीत 1,000 बायका आहेत असे धरा. 600 जणी आल्या, 480 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, 120 जणींनी उभ्या. पाचातल्या चौघींनी बंदी मागितली तरी दुकान चालू. जी आली नाही ती उभ्या बाटलीची. जी लग्न होऊन सासरी गेली पण जिचे नाव माहेरच्या यादीत राहिले, तीही उभ्या बाटलीची. जी वारली, तीसुद्धा. दुकानदाराने प्रचाराला एक पैसा खर्चायची गरज नाही, बायका घराबाहेर पडू नयेत एवढे पाहिले की भागले.

इटलीत हेच राष्ट्रीय पातळीवर चालते. पाच लाख सह्या दिल्या की एखादा कायदा रद्द करण्यासाठी सार्वमत मागता येते, पण निम्म्याहून अधिक मतदार आले नाहीत तर निकाल बाद. साहजिकच विरोधकांना ‘नाही म्हणा’ असे सांगत फिरण्यापेक्षा ‘घरी बसा’ सांगणे सोपे पडते. जून 2025 मध्ये पाच प्रश्नांवर मतदान झाले, तीस टक्क्यांच्या आसपास लोक आले आणि पाचही प्रश्न बारगळले. सोसायटीच्या सभेचा कोरम मोडण्यासाठी कोण कधी उठून जाते हे पाहिलेल्या मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेतल्या काही राज्यांत तर हा हक्क मोडण्याचे कसब विकसित झाले आहे. मिसिसिपीत असा नियम होता की सह्यांपैकी जास्तीत जास्त एक पंचमांश सह्या एका संसदीय मतदारसंघातून याव्यात. नियम लिहिला तेव्हा मतदारसंघ पाच होते. 2000 च्या जनगणनेनंतर ते चार झाले, नियम मात्र तसाच राहिला. चार मतदारसंघांतून प्रत्येकी एक पंचमांश म्हणजे चार पंचमांश. बाकीच्या सह्या आणायच्या कुठून? नोव्हेंबर 2020 मध्ये औषधी गांजाचा प्रस्ताव लोकांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला, आणि मे 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने तो रद्द ठरवला. त्याबरोबर नागरिकांच्या पुढाकाराची अख्खी पद्धतच बंद पडली. एक आकडा बदलायचा होता. पुढच्या अधिवेशनांत दुरुस्तीचे प्रस्ताव आले आणि अडकत राहिले.

आयडाहोत 2021 मध्ये विधिमंडळाने कायदा केला की 35 पैकी 18 मतदारसंघांतून नव्हे, तर पस्तीसही मतदारसंघांतून प्रत्येकी सहा टक्के सह्या हव्यात. ऐकायला न्याय्य वाटते: सगळ्या राज्याचा पाठिंबा हवा, त्यात काय चूक? चूक अशी की त्यामुळे एकटा मतदारसंघ बाकीच्या चौतिसांना अडवू शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. ओहायोत ऑगस्ट 2023 मध्ये मंजुरीची रेषा साध्या बहुमतावरून 60 टक्क्यांवर न्यायचा आणि सह्या 44 ऐवजी सगळ्या 88 काउंटींतून (म्हणजे जिल्ह्यांतून) मागायचा प्रस्ताव आला. गंमत म्हणजे हा प्रस्ताव स्वतः मात्र साध्या बहुमताने मंजूर होणार होता. सुमारे 57 टक्के मतदारांनी तो फेटाळला. उद्या महाराष्ट्रात कुणी ‘छत्तीसही जिल्ह्यांतून सह्या हव्यात’ असे म्हणाले, तर हे आठवावे.

आता फुकटच्या मागणीविषयी. स्वित्झर्लंडमध्ये 1891 पासून नागरिकांना राज्यघटना-दुरुस्ती सुचवता येते. 18 महिन्यांत एक लाख सह्या, मग संसदेची चर्चा, हवा असेल तर संसदेचा पर्यायी मसुदा, आणि शेवटी मतदान. त्यात एकूण मतदारांचेही बहुमत हवे आणि कॅन्टन म्हणजे प्रांतांचेही. मार्च 2012 मध्ये तिथे सर्वांना वर्षाला किमान सहा आठवडे भरपगारी रजा द्यावी असा प्रस्ताव आला होता. दोनतृतीयांश मतदारांनी नको म्हटले. उलट मार्च 2024 मध्ये पेन्शनचा तेरावा हप्ता त्यांनी मंजूर केला. माणसे सगळेच मागत नाहीत आणि सगळेच नाकारत नाहीत. मतदानाआधी दोन्ही बाजूंची पुस्तिका घरपोच येते, ती वाचायला वेळ मिळतो, याचाही त्यात वाटा आहे. तिथे दहा प्रस्तावांतला जेमतेम एक मंजूर होतो.

पण स्वित्झर्लंडचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे की 2009 मध्ये याच मार्गाने मशिदींच्या मिनारांवर बंदी आली. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. बहुमताने अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला घालायचा रस्ता मोकळा होणार असेल, तर असा हक्क नसलेलाच बरा. आपल्याकडे अनुच्छेद 13 मुळे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा टिकत नाही, पण तो न्यायालयात पडेपर्यंत सह्यांच्या मोहिमेत जे विष पसरायचे ते पसरलेले असते. म्हणून तपासणी सह्या सुरू होण्याआधी हवी. मूलभूत हक्क, आरक्षण, एखादा धर्म, जात वा भाषक गट, किंवा नाव घेऊन एखादी व्यक्ती, हे विषय मुळातच बाहेर ठेवावेत.

कॅलिफोर्नियाचा खरा दोष आणखी वेगळा आहे. तिथे लोकांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला पुन्हा मतदारांकडे गेल्याशिवाय बदलता येत नाही, त्या कायद्यातच मुभा ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. 2020 मध्ये अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सी आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी, चालकांना कर्मचारी मानावे लागू नये म्हणून, 20 कोटी डॉलरहून अधिक ओतून एक कायदा मंजूर करून घेतला आणि त्यात बदल करायला विधिमंडळाचे सातअष्टमांश बहुमत लागेल अशी मेख मारून ठेवली. याच्या उलटे टोक अमेरिकेतल्याच साउथ डकोटा राज्याचे. तिथे 2016 मध्ये लोकांनी मंजूर केलेला भ्रष्टाचारविरोधी कायदा विधिमंडळाने काही महिन्यांत, निर्णय लगेच लागू करणारे ‘आणीबाणीचे कलम’ लावून, रद्द केला. मधला रस्ता आहे: पहिली दोन वर्षे हात लावायचा नाही, त्यानंतर दोनतृतीयांश बहुमताने, नोंदलेल्या मतदानाने बदल करता यावा.

‘अर्ज-विनंत्यांचे मार्ग आहेत की’ असेही म्हटले जाते. आहेत. लोकसभेत याचिका देता येते, पण ती सभागृहात मांडायला सदस्याची सही लागते. खासदार खासगी विधेयक आणू शकतो. त्यासाठी शुक्रवारचे अडीच तास राखीव असतात, आणि 1970 नंतर असे एकही विधेयक दोन्ही सभागृहांतून पार झालेले नाही. मग उरते काय? उपोषण. डिसेंबर 2011 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर लोकपालासाठी उपोषण झाले, कायदा आला आणखी दोन वर्षांनी. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी विधान परिषदेत अशासकीय ठराव मंजूर झाला 1995 मध्ये, वटहुकूम निघाला ऑगस्ट 2013 मध्ये, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. सह्या आणि मुदत यांवर चालणारी पद्धत असती तर अठरा वर्षांत होकार किंवा नकार, काहीतरी एक मिळाले असते.

सार्वमत आपल्याला परके आहे हेही खरे नाही. 16 जानेवारी 1967 रोजी संसदेच्या कायद्याने गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण म्हणजे फूल, वेगळे राहणे म्हणजे दोन पाने. चौतीस हजारांच्या फरकाने दोन पाने जिंकली आणि महाराष्ट्राने, मनाविरुद्ध का होईना, तो निकाल मान्य केला.

मुंबईत हे कसे करता येईल? राज्याच्या कायद्यासाठी थेट बंधनकारक मतदान आणायचे तर राज्यघटनेला हात लावावा लागेल. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचा असाच कायदा 1919 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, याच मुद्द्यावर अडवला होता. महापालिकेच्या उपविधींचे, म्हणजे तिच्या स्थानिक नियमांचे, तसे नाही. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 461 खाली महापालिका उपविधी करते. तो अधिनियम विधिमंडळ दुरुस्त करू शकते. नागरिकांनी मसुदा द्यावा, महापालिकेच्या विधी खात्याने 30 दिवसांत तांत्रिक दोष सांगावेत. तेवढ्या मुदतीत उत्तर आले नाही तर मसुदा मान्य धरावा. शीर्षक आणि सारांश मात्र राज्य निवडणूक आयोगाने लिहावा. कॅलिफोर्नियात हे काम महाधिवक्ता करतो, तो पक्षाचा निवडून आलेला माणूस असतो आणि दरवेळी भांडण होते.

मुंबईचे मतदार एक कोटीच्या घरात आहेत. एक टक्का म्हणजे साधारण लाखभर सह्या, सहा महिन्यांत, 36 पैकी 18 विधानसभा मतदारसंघांतून काही किमान संख्येने. हे अवघड आहे, अशक्य नाही. सह्या गोळा करणाऱ्यांना मात्र एक सांगणे आहे. दादर स्टेशनबाहेर टेबल टाकले तर दिवसभरात कागद भरतील, पण त्यातले निम्मे लोक डोंबिवली, विरार, पनवेलचे निघतील, काहींचे नाव अजून कोकणातल्या गावच्या यादीत असेल. गर्दीची जागा सह्यांसाठी वाईट. चाळीच्या जिन्यापाशी किंवा सोसायटीच्या फाटकावर, हातात त्या भागाची छापील मतदारयादी घेऊन बसले तर यादीभाग आणि अनुक्रमांक तिथल्या तिथे लिहून घेता येतो आणि पडताळणीत फारशा सह्या उडत नाहीत. तरीही गरजेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त सह्या हव्यातच. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे मसुदा छापलेला हवा. आधारची झेरॉक्स कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. सहीमागे पैसे देण्यावर पूर्ण बंदी हवी. दर सहीला दर लागला की बनावट सह्या आल्याच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2002 मध्ये त्यावर बंदी घातली आहे, तिथे ताशी मजुरी देता येते.

पडताळणीला लाखभर सह्या एकेक तपासायची गरज नाही. कॅलिफोर्नियाचा हा भाग उचलण्यासारखा आहे: चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन टक्के सह्या निवडून तपासतात. त्यावरून काढलेला अंदाज हव्या त्या संख्येच्या 95 टक्क्यांखाली गेला तर अर्ज बाद, 110 टक्क्यांवर गेला तर मान्य, अधेमधे असेल तरच पूर्ण मोजणी.

मग सहा महिन्यांत महापालिकेने मसुदा सभागृहात घेऊन नाव पुकारून मतदान करावे. फेटाळला तर पुढच्या निवडणुकीत तो मतदारांपुढे जावा, नगरसेवकांना हवा असेल तर त्यांचा पर्यायी मसुदा शेजारी ठेवून. मंजुरीसाठी झालेल्या मतदानाचे साधे बहुमत पुरेसे धरावे, यादीतल्या मतदारांचे नव्हे. खर्च एका जादा मतयंत्राचा. आणि मतदार गोंधळतील ही काळजी तर करूच नये. पुण्यात, ठाण्यात चार सदस्यांच्या प्रभागात लोक एका वेळी चार मते देतातच.

आपले,
दादर-माहीम परिसरातील काही मतदार, मुंबई