निळूभाऊंविषयी, तुझ्या पत्राच्या उत्तरादाखल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मराठी चित्रपटाने निळू फुले यांना पाटील, सरपंच आणि साखर कारखान्याचा अध्यक्ष यांपलीकडे फारसे काही दिले नाही आणि त्यांनीही त्याहून वेगळे काही मागितले नाही, असे तू लिहिले आहेस. पहिले विधान मला बरेचसे मान्य आहे; दुसऱ्यावर तुझ्याशी भांडल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे लांबलेले उत्तर.

बहुरूपी नट म्हटले की आपल्याला वेष, दाढीमिशा, बदललेला आवाज आणि बदललेली चाल आठवते. निळूभाऊंनी यांतले काहीच फारसे केले नाही. तोच किरकोळ देह, तोच घोगरा, किंचित दाबलेला आवाज, तीच तिरपी नजर घेऊन ते प्रत्येक भूमिकेत शिरले. तरीही ‘सामना’मधला हिंदुराव धोंडे पाटील आणि ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस ही दोन माणसे एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत इतकी वेगळी आहेत. हे कसे साधले, याचे मला सुचलेले उत्तर असे, की निळूभाऊ भूमिकेकडे जाताना आधी त्या माणसाचा सत्तेशी काय संबंध आहे हे पाहत. सत्ता त्याच्या हातात आहे, की तो तिच्याखाली दबलेला आहे, की नुसता बाजूला उभा राहून तिचा खेळ पाहतो आहे, हे एकदा ठरले, की आवाज आणि देह आपोआप त्या जागी जाऊन बसत.

ही समज त्यांना नाट्यशिक्षणातून मिळालेली नव्हती. पुण्यातल्या एका मोठ्या, ओढगस्तीच्या कुटुंबात ते वाढले आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरीला लागले. आपली स्वतःची रोपवाटिका असावी अशी त्यांची इच्छा होती. पैशाअभावी ती राहून गेली. याच काळात राष्ट्र सेवा दलाशी त्यांचे नाते जुळले आणि कलापथकाच्या निमित्ताने ते रंगमंचावर उभे राहिले. १९५७ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. पुढाऱ्यांची टिंगल करणारा हा तरुण त्या पुढाऱ्यांकडे नेहमी खालून पाहत आला होता. बागेत वाकून काम करणाऱ्याला साहेबाचा चेहरा वाचत बसावे लागत नाही, तो कसा उभा आहे यावरूनच पुढचे कळते. निळूभाऊंच्या पुढच्या साऱ्या पाटलांची उभे राहण्याची तऱ्हा मला तिथूनच आलेली वाटते. अर्थात हा माझा तर्क.

शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांना गावोगावी नेले. लोकनाट्याने नटाला काय दिले, हे आपण नीट मोजत नाही. तिथे बतावणी, म्हणजे सोबत्यांमधला हजरजबाबी विनोदी संवाद, रोज नवी असते. समोरचा सोबती कुठले वाक्य फेकेल याचा भरवसा नसतो, प्रेक्षकातून आलेल्या आरोळीला जागच्या जागी उत्तर द्यावे लागते, आणि हशा कुठे थांबवायचा हे कळले नाही तर खेळ हातातून जातो. निळूभाऊ संवाद म्हणत आहेत असे पडद्यावर कधी वाटत नाही, त्या क्षणी त्यांना ते वाक्य सुचले आहे असेच वाटते, याचे मूळ मला या तालमीत दिसते. राम नगरकर हे त्यांचे याच वाटेवरचे सोबती. त्या दोघांच्या विनोदाची जात आज कुठे पाहायला मिळत नाही.

चित्रपटात ते अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून १९६८ मध्ये आले. त्यातल्या झेलेअण्णाने त्यांना नाव दिले आणि बहुधा साचाही दिला. पण तोवरचा मराठी खलनायक बहुतेक वेळा डोळे वटारून मोठ्याने बोलणारा होता. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. ज्याच्या शब्दावर गाव हलते त्याला ओरडण्याचे कारणच नसते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. त्यांचा पाटील गोड बोलतो, विचारपूस करतो, मध्येच हसतो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्यांच्या नकला करणारे नेमके इथेच फसतात, कारण ते घोगरेपणा उचलतात आणि वाक्यामधली थांबण्याची जागा सोडून देतात.

यानंतर १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आले. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, लालन सारंग यांची चंपा आणि निळूभाऊंचा सखाराम. वगात रमलेल्या, ग्रामीण चित्रपटात नाव काढलेल्या नटाकडे अशी भूमिका जावी, यातच एक धाडस होते. सखाराम हा छापखान्यात बांधणीचे काम करणारा माणूस. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणतो, आपल्या अटी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो, मृदंग वाजवतो, चिलीम ओढतो आणि लग्न नावाच्या संस्थेला शिव्या घालतो. तो क्रूर आहे, पण ढोंगी नाही, निदान स्वतःला तो तसा समजत नाही. त्याचे घर म्हणजे एका खोलीचे राज्य, आणि त्या राज्यात त्याची सत्ता आधी आणलेल्या लक्ष्मीपुढे वाढते व नंतर आलेल्या चंपापुढे गळून पडते. सेन्सॉर मंडळाने नाटक अडवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला, ही सगळी कथा तुला ठाऊक आहेच. त्या गदारोळात अभिनयाची चर्चा मागे पडली, याची मला राहून राहून खंत वाटते.

‘सामना’बद्दल मात्र मी थांबून लिहिणार आहे. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची; १९७५ च्या बर्लिन महोत्सवातही तो दाखवला गेला. हिंदुरावाच्या गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि तोच मास्तर एके दिवशी विचारू लागतो की गावातून बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर हा मोठाच अभिनय आहे, पण तो प्रश्न विचारणाऱ्याचा अभिनय आहे. प्रश्न ज्याच्या अंगावर येतो त्याचे काम अधिक अवघड. निळूभाऊंचा हिंदुराव आधी या माणसाकडे गंमत म्हणून पाहतो, मग तो सरकारचा हेर तर नसेल अशी शंका त्याच्या डोळ्यांत येते, मग भीती; आणि या सगळ्याखाली मास्तरविषयीचा एक विलक्षण लोभ शेवटपर्यंत टिकून राहतो. आपल्याशी बरोबरीने बोलणारा माणूस हिंदुरावाला आयुष्यात प्रथमच भेटला आहे. हा लोभ दाखवला नसता तर हिंदुराव नेहमीचा दुष्ट पाटील झाला असता. या पाटलाने कारखाना उभा केला आहे, गावात पैसा आणला आहे, त्याचा त्याला खरा अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याच्या हातून घडलेले पाप आपल्याला जास्त बोचते.

चार-पाच वर्षांनी पटेलांनीच त्यांना ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस केले. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटात अरुण सरनाईक मुख्यमंत्री आहेत, लागू अर्थमंत्री आहेत आणि पडद्यावर सत्तेचा इतका अनुभव असलेले निळूभाऊ एक साधे पत्रकार आहेत, ज्याला सगळे कळते आणि ज्याच्या हातात काही नाही. दिगू बहुतेक वेळ ऐकतो. ऐकण्याचा अभिनय किती कठीण असतो, हे तू नाटकात काम केले आहेस म्हणून तुला वेगळे सांगायला नको. अखेरीस तो वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा ते हसू त्याने आधी गिळलेल्या सगळ्या बातम्यांमधून आलेले असते. त्याच सुमारास रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये ते मुख्यमंत्र्याचे वृद्ध गांधीवादी वडील, अप्पाजी झाले. पडद्यावर सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या ज्या मास्तराला हिंदुराव होऊन त्यांनी वाड्यात ठेवून घेतले होते, रंगमंचावर ते स्वतःच त्याच्या जागी जाऊन उभे राहिले. साच्यापलीकडचे त्यांनी मागितले नाही असे तू म्हणतोस, त्याला माझे उत्तर हेच आहे.

हिंदी चित्रपटांबद्दल लिहिण्यासारखे मला थोडेच वाटते. १९८४ च्या ‘सारांश’मधला राजकारणी गजानन चित्रे मात्र अवश्य पाहा, निवडणुकीपायी मुलाचे प्रकरण दडपू पाहणारा हा माणूस गावचा पाटील नाही, मुंबईचा आहे, आणि त्याची सभ्यता जास्त घाबरवते. बाकी, त्यांनी पोटासाठी आणि लोकांच्या आग्रहाखातर अनेक सुमार चित्रपट केले, हे मी नाकारत नाही. त्यांतल्या काहींत ते केवळ हजेरी लावताना दिसतात.

खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहून बोटे मोडत, असे सांगतात. ज्या माणसाने सेवा दल, अंधश्रद्धा निर्मूलन आणि कार्यकर्त्यांसाठीचा सामाजिक कृतज्ञता निधी यांसाठी आयुष्यभर वणवण केली, ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून त्या निधीला पैसे मिळवून दिले, त्याच्या वाट्याला हे यावे यात नटाची पावती आहे आणि थोडा अन्यायही आहे. स्वतः निळूभाऊंनी त्याची तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा, मध्ये दुसरे काही पाहू नकोस, आणि मग तुझे मत कळव. शिवाय, तुझ्या काकांनी ‘बाइंडर’चा सुरुवातीचा एक प्रयोग पाहिल्याचे तू मागे म्हणाला होतास. नाटक संपले की उरते ते पाहणाऱ्याच्या आठवणीत, आणि माझ्याकडे ती आठवण नाही. चंपा घरात आल्यानंतर सखारामाच्या उभे राहण्यात, आवाजात नेमका काय फरक पडत होता, एवढे त्यांना विचार आणि त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझा,
माधव