चिकू, चक्का आणि एक अंडं

घोलवड
मंगळवार, रात्री

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी होते. बाबांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बरी आहे. रात्री जेवलीस का, हे आता विचारायचं नाही असं मी ठरवलंय. 26 वर्षांच्या मुलीला रोज तेच तेच विचारलं तर ती वैतागणारच, ते मला पटलं. पण जिन्यात तुला घेरी आली हे तुझ्या खोलीतल्या मुलीकडून कळावं, तुझ्याकडून नाही, हे मला फार लागलं. तिच्यावर रागावू नकोस. तिने फोन केला ते बरंच केलं.

सुमाही असंच म्हणायची, कामाच्या नादात भूकच लागत नाही. जाऊ दे. सुमाचं काढत नाही.

तर सोमवारी दुपारी तू पहिल्या पगारातून पाठवलेला मायक्रोवेव्ह मी नीट पुसून घेतला. आजवर त्यात दूध आणि बाबांचा चहा एवढंच गरम झालं. तुझ्या पीजीत गॅस नाही, नुसता मायक्रोवेव्ह आणि किटली आहे. म्हटलं, दहा वाजता दमून आलेल्या मुलीला तेवढ्यावर एका माणसापुरतं काय करून खाता येईल ते आपणच करून बघावं. चार वेळा केलं. आज जमलं.

चिकू पूर्ण पिकलेला घे. कच्चा राहिला तर त्याचा चीक घशाला धरतो, शिजवूनही जात नाही. साल आणि बिया काढ, कपातच काट्याने कुसकर आणि चिमूटभर मीठ घालून 40 सेकंद तापव. रंग गडद होतो आणि गुळासारखा वास सुटतो. ते कोमट होऊ दे, नाहीतर अंडं तिथल्या तिथे शिजून गुठळ्या होतील. मग 100 ग्रॅम चक्का, एक अंडं आणि दोन चमचे दुधाची पावडर वेगळं फेटून त्यात मिसळ. अंडं अगदी एकजीव झालं पाहिजे, पांढऱ्याचा तार दिसता कामा नये. वर जायफळ किस. अंड्याचा वास त्यानेच मोडतो. साखर नको, चिकू पुरतो.

पहिल्या दिवशी मी पूर्ण जोरावर तीन मिनिटं ठेवलं होतं. रबरासारखं झालं आणि भोवती पाणी सुटलं. अंडं आणि दही फार तापलं की आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. म्हणून पॉवर निम्मी कर. दोन मिनिटं, मग बघ, मग 30-30 सेकंद. कडा धरल्या आणि मधोमध थोडं थरथरत असलं की थांब. झाकण ठेवून दोन मिनिटं तसंच राहू दे, मधला भाग आतल्या उष्णतेने आपोआप बसतो. ही दोन मिनिटं चुकवू नकोस, सगळी गंमत त्यातच आहे. चव थेट खरवसाच्या जवळ जाते. बाबांनी अर्धा कप खाल्ला आणि नंतर विचारलं, यात काय आहे.

कप निम्माच भर, ते फुगतं. सोनेरी काठाचा कप आत ठेवायचा नाही, ठिणग्या उडतात. आणि घाई आहे म्हणून अख्खं अंडं सालासकट कधीही आत ठेवू नकोस, ते फुटतं आणि तोंडावर येतं. चिकू नसला तर केळं घे. सफरचंद असेल तर फोडी करून आधी दोन मिनिटं शिजव. पपई, अननस मात्र दह्यात कच्चे घालून ठेवू नकोस, कडू होतं.

एवढ्यात साधारण 18-20 ग्रॅम प्रथिनं जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम लागतात. दिवाळीत तुझं वजन 54 होतं, म्हणजे 45 ग्रॅम. चहा आणि दोन बिस्किटांत ती कुठून येणार? दिवसभर डोकं लढवायचं आणि रात्री उपाशी झोपायचं, हे किती दिवस चालणार, मेधा? शरीर उधारी ठेवत नाही.

झालं, परत सुरू झाले. माफ कर. हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

अंडं फेटताना आजी आठवल्या. त्यांच्या हयातीत या घरात अंडं आलं नाही. दहावीच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू इराणी मावशींच्या ओटीवर बसून खायचीस आणि मी बांधावर उभी राहायचे, कोणी येतंय का बघत. आपल्याला वाटायचं आजींना काही ठाऊक नाही. पण त्याच वर्षी विहिरीपाशी एक वेगळी साबणाची वडी दिसायला लागली. कोणी ठेवली ते कधी कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. कालची अंडी मी मावशींकडूनच आणली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. तुझी नोकरी कशी चाललीय विचारत होत्या. मी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की घरी यायला अंधार पडला.

चिकू नखाने खरवडून पिवळा दिसला तर उतरवायचा, हिरवा दिसला तर ठेवायचा, हे तू सहा वर्षांची असताना गड्यांना शिकवायचीस. 2016 साली डहाणू घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी आळीत पेढे वाटले, आणि तू कॉलेजच्या वहीत वाडीचा सगळा हिशेब मांडून दिलास. तेव्हाच मी बाबांना म्हटलं होतं, ही इथे राहायची नाही. आनंदाने म्हटलं होतं. अजूनही आनंदच आहे. पण जिन्यात पडलीस तेव्हा उचलायला तिथे आपलं कोणी नव्हतं, हे रात्री अंथरुणात डोक्यातून जात नाही.

तू सुमा नाहीस. मला माहीत आहे.

शनिवारी विकासकाका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर खोका देते आहे. वरच्या थरातले चार चिकू रविवारपर्यंत होतील, ते आधी संपव. खालचे कडक आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून तीन-चार दिवस ठेव, पिकल्यावर फ्रिजमध्ये. चक्का तिकडेच डेअरीत घे. नाही मिळाला तर पाव किलो दही फडक्यात बांधून रात्रभर चाळणीवर ठेव, फ्रिजमध्येच. जायफळ आणि आजींची छोटी किसणी डब्यात आहे.

फोन केला नाहीस तरी चालेल. नुसता रिकाम्या कपाचा फोटो टाक, मी काही विचारणार नाही. आणि खाऊन झालं की कपात लगेच पाणी घालून ठेव, अंडं वाळलं की निघत नाही.

तुझी,
आई