ट्रफाल्गर चौकातील झाडाची थट्टा नको

महोदय,

लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील नाताळवृक्ष विरळ दिसतो म्हणून समाजमाध्यमांवर त्याची होणारी थट्टा मनाला खटकते. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर राजे हाकोन सातवे आणि त्यांच्या सरकारला लंडनने आसरा दिला. युद्धकाळातील त्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून नॉर्वेची राजधानी ऑस्लो १९४७ पासून दरवर्षी हा स्प्रूस वृक्ष भेट पाठवते. सुमारे २० मीटर उंचीचे हे झाड समुद्रमार्गे येते आणि त्यावर नॉर्वेच्या पद्धतीने दिव्यांच्या उभ्या माळा सोडतात. प्रवासात फांद्या दबणारच. ब्रिटिश नौदल सेनानी नेल्सनच्या स्तंभापाशी, म्हणजे एका युद्धविजयाच्या स्मारकाजवळ, छोट्या देशाने इतकी वर्षे जपलेली ही आठवण दुकानांतील भरगच्च सजावटीच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. वृत्तपत्रांनी तरी छायाचित्रासोबत तिचा इतिहास अवश्य छापावा.

– एक वाचक